गुलाबी रेझरचं गणित

२०१५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक व्यवहार विभागाने एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यातली एक जोडी जगभर गाजली. टार्गेट या साखळी दुकानात लहान मुलांची, एका पायाने ढकलत चालवायची स्कूटर विकायला होती. बनवणारी कंपनी एकच, रेडिओ फ्लायर. लाल स्कूटरची किंमत २४.९९ डॉलर, गुलाबी स्कूटरची ४९.९९. बोभाटा झाल्यावर दुकानाने संगणकातल्या चुकीचं कारण दिलं आणि गुलाबीची किंमत लालच्या बरोबरीला आणली.

‘पिंक टॅक्स’, म्हणजे बायकांच्या वस्तूंना लागणारे जास्तीचे पैसे, म्हटलं की आजही हीच स्कूटर पुढे करतात. उदाहरण झणझणीत आहे, पण नमुना म्हणून कुचकामी. एकाच कंपनीची, एकाच मापाची वस्तू, एकाच दुकानात, फक्त रंग वेगळा आणि किंमत दुप्पट, असा उघडा मामला बाजारात क्वचितच सापडतो. बायकांच्या वस्तूंसाठी जास्तीचे पैसे जातात ते बहुतेक वेळा अशा ठिकाणी, जिथे दोन वस्तू शेजारी ठेवून तुलनाच करता येत नाही. पाकिटात नग कमी असतात, बाटलीचं माप वेगळं असतं, वास वेगळा असतो, आणि रॅक तर दुकानाच्या दुसऱ्याच टोकाला असतो. हे सगळं कसं जमवून आणलं जातं, ते सावकाश बघू.

आधी त्या अहवालातले आकडे. ३५ प्रकारच्या जवळपास ८०० वस्तू तपासल्या होत्या. बायका-मुलींसाठीची वस्तू सरासरी ७ टक्क्यांनी महाग निघाली. मोठ्यांच्या कपड्यांत फरक ८ टक्के, मुलांच्या कपड्यांत ४, आणि साबण, डिओ, रेझर अशा रोज अंगाला लागणाऱ्या वस्तूंत १३ टक्के. नुसते शाम्पू-कंडिशनर वेगळे काढले तर तब्बल ४८. वर्तमानपत्रांनी हे आकडे उचलले. त्याच अहवालातला दुसरा हिशोब मात्र फारसा कुणी सांगत नाही: शंभर जोड्यांमागे ४२ वेळा बाईची वस्तू महाग, १८ वेळा पुरुषाची महाग, आणि उरलेल्या ४० वेळा दोन्हींची किंमत सारखीच. म्हणजे हा नियम नव्हे, कल आहे. तो कुठून येतो हे समजायचं तर मुळात किंमत ठरते कशी, तिथून सुरुवात करावी लागेल.

वस्तू बनवायचा खर्च, त्यावर थोडा नफा, झाली किंमत, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात खर्चाने फक्त तळ ठरतो. वर किती जायचं हे गिऱ्हाईक किती मोजायला तयार आहे त्यावर असतं, आणि प्रत्येकाची तयारी वेगळी. मंडईत मेथीची जुडी विकणारी बाई समोरच्याचे कपडे, बोलणं आणि घाई बघून भाव सांगते. पाकीटबंद वस्तूवर छापील किंमत असल्यामुळे कंपनीला ही सोय नाही. मग ती माणसामाणसात नाही, तर गटागटात फरक करते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात अशा भेदाचे तीन प्रकार सांगितले. त्यातला तिसरा आपल्या कामाचा: बाहेरून ओळखता येईल असा गट धरायचा आणि त्याला वेगळी किंमत लावायची. नाटकाच्या तिकिटात विद्यार्थ्यांना सवलत असते ती याच जातीची.

गट पाडला तरी एक अडचण उरतेच. जास्त मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक स्वस्त रांगेत जाऊन उभं राहिलं तर? यावरचं सगळ्यात स्पष्ट निरीक्षण एकोणिसाव्या शतकातल्या ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याचं आहे. त्या काळी काही रेल्वे कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं. द्युप्वीने दाखवून दिलं की छपराचा खर्च कंपनीला जड नव्हता. दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणाऱ्या माणसाने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून तिथे ऊन-पाऊस ठेवला होता. गरिबाला त्रास व्हावा असा हेतू नव्हता. बऱ्यापैकी पैसेवाल्याने पळून जाऊ नये, हा होता. मुंबईच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासने फिरणाऱ्याला हे फार समजवावं लागणार नाही.

विद्यार्थ्याला ओळखपत्र दाखवावं लागतं, ज्येष्ठाला वयाचा दाखला. निळा रेझर विकत घ्यायला मात्र पुरुष असल्याचा पुरावा कुणी मागत नाही. कुठलीही बाई उठून तो घेऊ शकते, घरातल्या पुरुषाचा वापरूही शकते, आणि अनेकजणी वापरतातच. त्यामुळे इथलं कुंपण दाराशी घालता येत नाही, ते गिऱ्हाइकाच्या मनातच घालावं लागतं. रंग, वास, पाकिटावरचं फूल, ‘नाजूक त्वचेसाठी’ ही ओळ, मुठीचा बाक आणि रॅकची जागा ही सगळी त्या कुंपणाची काटेरी तार.

रेझर हाच प्रकार नीट निरखू, कारण इतकी स्वच्छ वंशावळ दुसऱ्या वस्तूची नाही. जिलेटने बायकांसाठी पहिला रेझर १९१५ मध्ये आणला, ‘मिलेडी देकोल्ते’ नावाचा. तो पुरुषांच्याच रेझरची छोटी आवृत्ती होता. पुढे १९९२ मध्ये त्याच कंपनीने ‘सेन्सर फॉर विमेन’ काढला, तेव्हा मात्र काम मुळापासून झालं. जिल शर्टलेफ या डिझायनरने मूठ चपटी आणि रुंद केली. पुरुष आरशासमोर उभा राहून चेहऱ्यावर रेझर फिरवतो. बाई बहुधा न्हाणीघरात, ओल्या साबणाच्या हाताने, वाकून, जिथे नजर पोचत नाही तिथेही फिरवते. ओल्या हातात सरळ दांडी घसरते, चपटी मूठ टिकते. हा फरक खरा आहे आणि त्यासाठी कुणी चार पैसे जास्त घेतले तर मी भांडणार नाही. बायकांची म्हणून विकलेली प्रत्येक वस्तू म्हणजे रंग फासलेली पुरुषांची वस्तू, असं समजणं चूक आहे.

आता हेच दुसऱ्या बाजूने पाहा. २०१० मध्ये त्याच कंपनीने भारतात ‘जिलेट गार्ड’ आणला. कंपनीच्या लोकांनी इथल्या पुरुषांना दाढी करताना पाहिलं होतं: वाहतं पाणी नाही, वाटीभर पाण्यात काम, छोटा आरसा, कमी उजेड. म्हणून एकच पातं, धुवायला सोपं डोकं, कमीत कमी सुटे भाग. तेव्हा रेझर १५ रुपये, पात्याचं डोकं ५ रुपये. त्याच्याही खाली दुकानात दुधारी पत्ती होतीच, ती आणखी स्वस्त. म्हणजे भारतातल्या पुरुषासाठी दाढीच्या सामानाची एक लांबलचक शिडी आहे. पत्तीपासून सुरुवात करून पाच पात्यांच्या महागड्या डोक्यापर्यंत, ज्याला जिथे परवडेल तिथे तो उभा राहतो.

बायकांच्या रॅकवर या शिडीच्या खालच्या पायऱ्याच नाहीत. ‘बायकांसाठी’ म्हणून विकलेली दुधारी पत्ती किराणा दुकानात मागून बघा. फरकाचा मोठा भाग इथे आहे. तीच वस्तू वाढीव दराने विकण्यापेक्षा, स्वस्त वस्तू त्या रांगेत ठेवायचीच नाही, हे जास्त बिनबोभाट होतं. सरासरी काढली की बायकांची बाजू महाग दिसते आणि कंपनी खरेपणाने सांगू शकते की आम्ही एकाच मालाचे दोन भाव लावलेले नाहीत.

यात वापराचाही भाग आहे. जो माणूस दर महिन्याला पाती आणतो त्याला किंमत तोंडपाठ असते; पाच रुपये वाढले की तो दुकानदाराशी हुज्जत घालतो. वर्षातून चार-दोनदा घेणाऱ्याला मागच्या वेळी किती दिले ते आठवत नाही. ज्या वस्तूची किंमत लक्षात राहत नाही तिची किंमत वाढवणं सोपं. बायका खरेदीत चोखंदळ नसतात म्हणून असं होतं, हा निष्कर्ष साफ खोटा; डाळ-तांदळाच्या किमतीत त्यांना फसवून दाखवा.

आता रॅकपाशी उभं राहून पाकीट उलटं करू. समजा, निळ्या पाकिटात पाच वापरा-आणि-फेका रेझर आहेत, छापील किंमत १०० रुपये. गुलाबी पाकिटात तीन आहेत, किंमत ८४. घाईत डोळ्यांना दिसतं ते असं की गुलाबी स्वस्त आहे. नगावर भागलं तर निळा २० रुपयांना पडला आणि गुलाबी २८ रुपयांना, म्हणजे ४० टक्के जास्त. आकडे माझे, समजवण्यापुरते. पण युक्ती रोजची आहे. डिओच्या बाटल्यांत ती याहून बेमालूम होते, कारण १५० आणि १३५ मिलिलिटरच्या बाटल्या दिसायला सारख्याच उंच असतात. शाम्पूतही तेच: बाटलीचा खांदा रुंद, कंबर बारीक.

हा भागाकार गिऱ्हाइकाने दुकानात करत बसू नये यासाठी आपल्याकडे एक चांगली सोय झाली आहे, आणि ती वापरणारी माणसं मला फार कमी दिसतात. वैधमापनशास्त्राच्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ च्या नोव्हेंबरात दुरुस्ती झाली. त्यानुसार पाकिटावर एमआरपीबरोबर एकक विक्री किंमतही छापायची असते. वजनाची वस्तू एक किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅमला किती, पातळ वस्तू एक लिटरपेक्षा कमी असेल तर मिलिलिटरला किती, नगावर विकली जात असेल तर नगाला किती. पाकिटाच्या मागे किंवा बुडाशी, बॅच नंबर आणि तारखेच्या गर्दीत, ‘यूएसपी’ या अक्षरांपुढे हा आकडा असतो. अक्षर बारीक, शाई फिकट, बऱ्याचदा बाटलीच्या वळणावर. चष्मा लावून बघायला लागतो, पण असतो.

एकक किंमत कळली तरी ‘आत काय आहे’ हा प्रश्न उरतो. इथून अभ्यासकांचं भांडण सुरू होतं. न्यूयॉर्कच्या पाहणीत तपासणाऱ्यांनी शक्य तितक्या सारख्या वस्तूंच्या जोड्या लावल्या होत्या. पण ‘सारखी’ कशाला म्हणायचं? साराह मोशारी, अ‍ॅना टकमन आणि नताशा वज्रवेलू या संशोधकांनी अमेरिकेतल्या दुकानांच्या विक्रीच्या नोंदी घेऊन हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्यांचा लेख ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात आला. आधी त्यांना दिसलं की अंगाला लावायच्या वस्तूंत ८० टक्क्यांहून जास्त माल बाईचा किंवा पुरुषाचा म्हणूनच विकला जातो. मग घटकद्रव्यं जुळणाऱ्या वस्तूंचीच तुलना केली, तर बायकांच्या वस्तू सरसकट महाग आहेत असं काही निघालं नाही. काही प्रकारांत त्या महाग, काही प्रकारांत उलट स्वस्त. एकाच कंपनीच्या बाईच्या आणि पुरुषाच्या वस्तूत फरक दिसतो तो बहुतेक वेळा घटकच वेगळे असल्यामुळे.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये अशा १० प्रकारच्या वस्तू पाहिल्या. पाच प्रकारांत बायकांची वस्तू महाग आली. दोनांत पुरुषांची, आणि त्यात, नशीब बघा, एक होता पुन्हा पुन्हा वापरायचा रेझर. फ्रान्समध्ये ‘जॉर्जेत सांद’ या स्त्रीवादी गटाने २०१४ मध्ये मोनोप्री या दुकानांच्या किमतींवरून मोठी मोहीम चालवली, सरकारला चौकशी करावी लागली, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारी अहवालाने सरसकट भेद नसल्याचं सांगितलं.

मग सगळा ओरडा फुकट? मला तसं वाटत नाही. घटक वेगळे आहेत हे कबूल, पण ते वेगळे कुणी केले, कशासाठी? चिमूटभर कोरफड आणि दोन थेंब सुगंध घातला की कागदावर वस्तू निराळी होते आणि तुलनेचं दार बंद होतं. हे छप्पर नसलेल्या डब्याच्या उलट आहे: तिथे काहीतरी काढून घेतलं होतं, इथे काहीतरी घातलं आहे, हेतू मात्र तोच. ज्या संशोधकांना भेद सापडला नाही त्यांनाच हे सापडलं की जवळजवळ सगळा बाजार दोन रांगांत कापला गेलाय. मला त्यांच्या निकालापेक्षा हा शोध जास्त महत्त्वाचा वाटतो.

पुरुषही या कापाकापीतून सुटलेले नाहीत. गोरेपणाचं ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ पासून बायकांसाठी होतं, आणि ती ट्यूब घरातला मुलगा गुपचूप वापरायचा. २००५ मध्ये इमामीने ‘फेअर अँड हँडसम’ आणून त्या चोरून लावणाऱ्याला स्वतःची ट्यूब दिली. (२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’तल्या ‘फेअर’चं ‘ग्लो’ झालं, ती गोष्ट वेगळी.) घरात एक ट्यूब होती तिथे दोन झाल्या. आज ‘फॉर मेन’ असं लिहिलेला फेसवॉश, शाम्पू, तेल, काय नाही? कुणाची बाजू महाग पडते हे वस्तूगणिक बदलेल, पण दोन बाटल्या विकल्या गेल्या हे पक्कं. मला तर वाटतं, लढाई सात टक्क्यांची कमी आणि या दुसऱ्या बाटलीची जास्त आहे.

वस्तूंपेक्षा फरक मोठा आणि उघडा दिसतो तो कामाच्या मोबदल्यात. सलूनच्या भिंतीवर दोन रकाने असतात: जेंट्स कट, लेडीज कट. खांद्यापर्यंत केस वाढवलेला मुलगा पहिल्या रकान्यात आणि बॉयकट केलेली मुलगी दुसऱ्यात. दर केसांचा नाही, डोकं कुणाचं त्याचा. यूकट, स्टेपकट यांना वेळ जास्त लागतो, त्याचे पैसे घ्यावेत. पण मग ते त्या कटचे घ्यावेत. लांबीवर दर लावणारी सलून आता दिसू लागली आहेत आणि त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

शिंप्याचं प्रकरण तितकं सरळ नाही. शर्टाच्या आणि ब्लाऊजच्या शिलाईची तुलना करून ‘बघा, एवढासा ब्लाऊज आणि एवढी शिलाई’ असं म्हणणाऱ्याने एकदा ब्लाऊज उलटा करून बघावा. कटोरी किंवा प्रिन्सेस कटचे तुकडे, अस्तर, हूक-काजं, बाहीची गोलाई, गळ्याची पायपिंग, शिवाय प्रत्येक अंगाला वेगळं माप. कापड कमी लागतं, काम जास्त. इथला फरक मजुरीचा आहे. इस्त्रीवाला साडीचे जास्त घेतो तेही पटण्याजोगं, सहा वार कापड आहे. पण साध्या सुती कुर्तीचे पैसे त्याच मापाच्या पुरुषी झब्ब्यापेक्षा जास्त लावले, तर त्याला विचारायला हरकत नाही. कॅलिफोर्नियाने सेवांच्या बाबतीत नेमका हाच नियम १९९५ मध्ये केला: वेळ, कष्ट किंवा खर्च जास्त असेल तर जास्त घ्या, केवळ गिऱ्हाईक बाई आहे म्हणून नको.

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर खिशाबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये नामांकित ब्रँडच्या जीन्स मोजल्या गेल्या, तेव्हा बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. किंमत तेवढीच ठेवून वस्तू कमी देणं हाही भाववाढीचाच प्रकार.

आतापर्यंत ‘टॅक्स’ म्हटला तो सरकारचा नव्हता. खराखुरा करही या गोष्टीत येतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा कुंकू, टिकली, सिंदूर, अळता आणि बांगड्या करमुक्त होत्या आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के. सरकारचं म्हणणं होतं की आधीचे सगळे कर मिळून १३.६८ टक्के होत होते, म्हणजे बोजा वाढलेला नाही. हिशोबाने खरं, पण यादी शेजारीशेजारी ठेवली की काय दिसतं ते देशभरातल्या बायकांनी बोलून दाखवलं. संसदेबाहेर मोहिमा झाल्या, दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, आणि २०१८ च्या जुलैत जीएसटी परिषदेने नॅपकिन करमुक्त केले.

तरीही पाकिटाची किंमत १२ टक्क्यांनी उतरली नाही. त्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. समजा, कंपनी १०० रुपयांचं पाकीट विकते, त्यावर १२ रुपये कर गोळा करते. पाकीट बनवायला लागलेलं शोषक रसायन, लाकडाचा लगदा, प्लास्टिकची फिल्म, गोंद यांवर तिने आधीच ६ रुपये कर भरलेला आहे. १२ मधून हे ६ वजा करून ती उरलेले ६ सरकारला देते. आता पाकीट करमुक्त झालं. १२ रुपये गोळा होणं बंद झालं, पण करमुक्त मालावर आधीच्या ६ रुपयांची वजावट मिळत नाही. ते ६ रुपये कंपनीच्या खर्चात शिरतात आणि पुन्हा किमतीत येऊन बसतात. गिऱ्हाइकाचे वाचतात ते फार तर ६. सरकारी खुलाशात २०१७ मध्ये हीच अडचण पुढे केली होती, आणि अडचण खोटी नव्हती.

किंमत खरी उतरली ती कराबाहेरच्या मार्गाने. महाराष्ट्रात २०१८ च्या महिला दिनी ‘अस्मिता’ योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ नॅपकिनचं पाकीट पाच रुपयांत, बचत गटांच्या मार्फत. जनऔषधी केंद्रातला ‘सुविधा’ नॅपकिन ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे पुन्हा मांडले गेले. शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांच्याबरोबर शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेव्ह लोशन १८ टक्क्यांवरून ५ वर आले. केस काढायचं क्रीम, म्हणजे बहुतेक बायका वापरतात ते, त्या यादीत नव्हतं. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. यादी करणाऱ्यांना ‘रोजच्या वापराची वस्तू’ म्हटल्यावर कोणाचा रोज डोळ्यांपुढे आला, एवढंच त्यातून कळतं. आयात शुल्काच्या याद्याही अशाच. अमेरिकेत पुरुषांच्या चामडी हातमोज्यांवर १४ टक्के शुल्क होतं आणि इतरांच्या हातमोज्यांवर १२.६; टोट्स-आयसोटोनर कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०१० मध्ये हरली. भेद करण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

वस्तूंच्या अशा किंमतभेदावर कायद्याने बंदी घालणारी अमेरिकी राज्यं मोजकीच. न्यूयॉर्क राज्यात २०२० च्या सप्टेंबरअखेरीपासून आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून एकसारख्या वस्तूला लिंगावरून वेगळी किंमत लावता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक चांगली ओळ आहे: निव्वळ रंगाच्या फरकाने वस्तू वेगळी ठरत नाही. म्हणजे ती स्कूटर आज तिथे सापडली असती. पण साहित्य, उपयोग, रचना किंवा ब्रँड यांत खरा फरक असला की कायदा बाजूला होतो, आणि बनवायचा वेळ, खर्च, कष्ट ही कारणंही चालतात. कोरफडीची चिमूट इथे कामाला येते.

आपल्याकडे २०२४ च्या मार्चमध्ये उद्योजिका किरण मजुमदार-शॉ यांनी या विषयावर समाजमाध्यमांत लिहिल्यावर थोडे दिवस चर्चा झाली. कायदा मात्र नाही. घटनेचं पंधरावं कलम लिंगावरून दुकानात प्रवेश नाकारू देत नाही. आत गेल्यावर किंमत किती असावी याबद्दल ते काही सांगत नाही. त्याच कलमाचा तिसरा भाग बायकांसाठी खास सवलती द्यायची मुभा सरकारला देतो. एसटीचं निम्मं तिकीट (१७ मार्च २०२३ पासून) आणि घराच्या खरेदीखतात फक्त बाईचं नाव असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट (१ एप्रिल २०२१ पासून) या सवलती त्याच मुभेत बसतात. हीही लिंगावर आधारलेली किंमतच. फक्त ती लपवलेली नाही, कंडक्टर तिकिटावर छापून देतो.

तेव्हा तक्रार कुठे चालते आणि कुठे चालत नाही, एवढं माहीत असलेलं बरं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, एकक किंमत छापलेलीच नाही, किंवा पाकिटात सांगितल्यापेक्षा कमी माल निघाला, तर वैधमापनशास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली जाते. गुलाबी पाकिटावरची छापील किंमतच निळ्यापेक्षा जास्त आहे, ही तक्रार आज कुठल्याच रकान्यात बसत नाही. मोफत पर्याय एकच: दोन्ही पाकिटं हातात घेऊन मागची एकक किंमत आणि घटकांची यादी वाचायची. पात्यांची संख्या तीच असेल आणि सुगंध सोडून यादी जवळपास तीच असेल, तर निळा रेझर पायालाही चालतो. काखेसाठी मात्र पात्याजवळची वंगणपट्टी आहे ना, ते बघून घ्या. अगदी स्वस्त रेझरला ती नसते आणि कोरड्या त्वचेवर पुरळ येतं, मग त्याचा रंग कुठलाही असो.